औषध मारलंय

वैशाख लागला की लोकांना आंब्याचा वास येतो म्हणे. मला औषधाचा येतो. सकाळी ओट्यावर बसलो की शेजारच्या टमाट्यावरून वारा येतो. लसूण सडवून रॉकेलमध्ये ठेचला तर जसा येईल, तसा वास. तीस-पस्तीस वर्षं हाच वास अंगाला लावून मी भाकरी खाल्ली, तेव्हा कधी मळमळलं नाही. आता मळमळतं. बायको गेल्यापासून.

गेल्या पौषात गेली ती. गिरजा नाव तिचं. जन्मभर मी तिला नावाने हाक मारली नाही, 'अगं ए' म्हणायचो. आता लिहायला बसलो तर नाव लिहावं लागतं, नाहीतर कोण गेलं ते कळणार कसं? माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं.

पिकावरच्या विषाला आमच्याकडे विष कोणी म्हणत नाही. औषध म्हणतात. 'औषध मारलं का?' 'काल मारलं.' 'कुठलं मारलं?' असं चालतं. डब्यावर कवटी आणि हाडं काढलेली असतात, तरी दुकानदार म्हणतो, 'हे औषध घेऊन जा, जोरात आहे.' आम्ही पण पोराला डॉक्टरकडे न्यावं तशा काळजीने पिकाला औषध आणायचो. शब्दाचं काय, शब्द कशावरही बसतो. त्या एका शब्दापायी आमच्या घरात एक पोरगी मरता मरता वाचली, म्हणून सांगतो.

मळा आमचा आडगावच्या अलीकडे, हायवे सोडून आत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, दारात लिंब, मागे विहीर. चैत्र संपता संपता लिंबाचा बारीक मोहोर गळून सगळा ओटा पिवळा-पांढरा व्हायचा आणि गिरजा दिवसातून तीनदा झाडायची. त्याच दिवसांत तिचे कुरडयांचे गहू भिजत पडायचे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा वास ज्याने घेतला त्यालाच माहीत. ओकारी येते. मी नाकाला उपरणं लावून घरात शिरायचो, तर ती म्हणायची,

"तुम्हाला सगळ्याचा वास येतो. नाक कापून खुंटीला अडकवून जात जा मळ्यात."

"आणि तुला?"

"मला तुमचा येतो तेवढा बास हाय."

कुरडया घालायला आलेल्या बायका हसायच्या. मी औषधाचा पंप मारून आलेलो असायचो ना.

तो उन्हाळा चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा असेल. काकडी, भेंडी, गवार आणि पाटाच्या कडेने थोडी कोथिंबीर. लग्नसराई, त्यामुळे काकडीला मागणी. पहाटे तोडायची, पोत्यात भरायची, सायकलला दोन्ही बाजूंनी बांधायची आणि द्वारकेच्या चौकावरून बाजारात. तेव्हा द्वारकेला आजच्याइतकी गर्दी नव्हती, पण ट्रकवाले तेव्हाही आमच्या अंगावर धूर सोडूनच जायचे. मला तो धूर चालायचा. घाण मला कशाचीच वाटत नसे, ही खरी घाण.

मे महिन्यात घर पोरांनी भरायचं. माझी मंगल बारा वर्षांची, संजू नऊ वर्षांचा, वर मेव्हण्याची पोरं, साडूची पोरं. सात-आठ जण. लोक पोरांबद्दल फार गोड लिहितात. मी लिहिणार नाही. पोरं म्हणजे शेंबूड, खरूज, आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळलेला आणि त्यावर माशा. कोयी चोखून अंगणात फेकायची आणि मग त्यावरच पाय देऊन पडायची. भेंडी तोडायला लावलं की तासाभरात सगळी हात खाजवत रडायला लागायची. गिरजा त्यांच्या हातांना खोबरेल चोळायची आणि मला शिव्या द्यायची. दुपारी पोरं विहिरीत. ज्याला पोहता येत नाही त्याच्या पाठीला रिकामा कॅन बांधायचा. कॅन कशाचा? औषधाचाच. पाच लिटरचा, दोनदा धुतलेला. कवटी खरवडून काढलेली. पोरं त्या कॅनवर तरंगायची, आणि विहिरीचं पाणी तोंडात घेऊन एकमेकांच्या अंगावर चुळा टाकायची, आणि मी काठावर बसून मोठमोठ्याने हसायचो. आता ते हसणं आठवलं की वाटतं, उठून जावं आणि त्या बसलेल्या माणसाला लाथ घालावी.

विहिरीच्या थारोळ्याला लागून एक लहान वाफा होता. मोटारीचं पाणी आधी त्या दगडी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाला लागायचं, आणि जे सांडेल ते त्या वाफ्यात. दोन काकडीचे वेल, चार मिरच्या, मेथी, कोथिंबीर. त्याला आम्ही 'घरचा वाफा' म्हणायचो. त्याला औषध कधी मारत नसू. बाकी सगळा मळा 'बाजारचा'. आमच्या शिवारात बहुतेकांचं असंच होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोरांना चालता यायला लागलं की पहिली शिकवण हीच, 'बाजारचं खायचं नाय, घरचं खायचं.' शहरातले लोक मळा बघायला यायचे, त्यांच्या बायका 'अय्या, किती ताजं!' करून वेलावरची काकडी तोडून तशीच खायच्या. आम्ही बघत राहायचो. सांगत नव्हतो. पाहुण्यांना कसं सांगायचं, असं म्हणायचो. पण बाजारातल्या हजार माणसांना तरी कुठे सांगत होतो?

मेव्हण्याची पोरगी पिंकी त्या वर्षी पहिल्यांदा आली. मुंबईची, सहा वर्षांची, दोन वेण्या, पायात बुटं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, तर दिवसभर 'मामा हे काय, मामा ते काय' चाललेलं. विळ्याला हात लावायची, शेणाला हात लावायची. तिला घाण कशाचीच वाटेना, मुंबईची असून. एका संध्याकाळी मी काकडीवर पंप मारून पाठीवरून उतरवत होतो, तर ही वाफ्याच्या तोंडाशी उभी.

"मामा, काय केलं?"

"औषध मारलं. हात लावू नको बरं का, औषध मारलंय त्याला."

"बरं वाटत नाही का काकडीला?"

"हां. आजारी हाय."

एवढंच बोललो आणि हात धुवायला गेलो. घरच्या पोरांना बाजारचं-घरचं सांगितलेलं होतं. हिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखत होतं. आंबे खाल्ले होते आदल्या दिवशी मरणाचे. गिरजाने ओवा दिला, तो तिने थुंकला. मग सगळे कामात. अकराच्या सुमाराला मंगल पळत आली, "आई, पिंकी कशीतरीच करतेय." बघतो तर पोरगी बांधावर पडलेली, तोंडातून लाळ, घामाने फ्रॉक भिजलेला, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झालेली. बाजूला अर्धी खाल्लेली काकडी. एक नाही, तीन देठं पडलेली होती.

शेजाऱ्याची जीप घेतली. द्वारकेला ट्रक आडवा होऊन गाड्या अडल्या होत्या. गिरजा तिला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पोरगी ओकत होती, आणि ती ओकारी गिरजाच्या पदरावर, आणि त्या ओकारीला तोच वास. लसूण आणि रॉकेल. त्या दिवशी तो वास मला पहिल्यांदा आला. इतकी वर्षं येत होता, पण त्या दिवशी आला.

वाचली. डॉक्टरने इंजेक्शनावर इंजेक्शन दिलं, तीन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून नीट बोलायला लागली तेव्हा गिरजाने विचारलं, "का गं बाई, कशाला खाल्ली तू?"

ती म्हणाली, "माझं पोट दुखत होतं ना. मामा म्हणाले त्याला औषध मारलंय."

मेव्हणा तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेला. त्यानंतर त्याने पोरांना कधी आमच्याकडे पाठवलं नाही. मी त्याला दोष देत नाही. मी असतो तर हात उगारला असता.

घरी आल्यावर गिरजाने लुगडंही बदललं नाही. विळा घेतला आणि सरळ थारोळ्याकडे गेली. घरचा वाफा मुळासकट उपटायला लागली. मेथी, मिरच्या, काकडीचे वेल, सगळं. मला वाटलं डोकं फिरलं. म्हटलं, "अगं ए, बाजारचं उपट ना उपटायचं तर. हे कशाला? हे तर चांगलं हाय."

"म्हणूनच उपटते."

"म्हणजे?"

"आपली पोरं वाचतात ना याच्यावर, म्हणून तुमचा हात चालतो तिकडं. आता जे लोकांना, तेच आपल्याला. माझ्या ताटात, तुमच्या ताटात, मंगलच्या, संजूच्या. मग मारा किती मारायचं ते."

गावात हसले लोक. एक जण मला म्हणाला, "बायकोने पार साधू केला की तुला." मी पण हसलो. पण खरं सांगतो, दोन-तीन वर्षं माझा हात बांधलेला राहिला. औषध मारलं की आठ दिवस तोडायचं नाही, ही तिची अट. आठ दिवसांत काकडी पिवळी पडून म्हशीला जायची. अळी पडलेली भेंडी वेगळी काढायची. माल कमी निघायचा. पण पोरं कुठल्याही वाफ्यात शिरून काहीही तोंडात टाकायची आणि कोणी ओरडायचं नाही. ते दिवस बरे होते. बरे म्हणतो, सुखाचे म्हणत नाही, कारण मी आतून कुढत होतो. शेजाऱ्याचा माल तुकतुकीत आणि माझा ठिपक्यांचा. माणसाला दुसऱ्याची काकडी हिरवी दिसली की स्वतःच्या पोराचं तोंड दिसत नाही.

मग एका उन्हाळ्यात मी मारलं. गिरजा माहेरी गेली होती दोन दिवस. संध्याकाळी मारलं, तिसऱ्या दिवशी पहाटे ती तोडायला आली. तिची सवय होती, काकडी तोडली की शेंडा मोडून तोंडात टाकायचा, कोवळी आहे का बघायला. भेंडीचंही तसंच. हातात काही नाही, तोंडाला फडकं नाही. तिने शेंडा चावला आणि म्हणाली,

"कडू लागतीया."

मी पाटावर दारं धरून उभा होतो, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवत. मान वर न करता म्हणालो, "ऊन किती तापलंय. उन्हाने कडवट होते काकडी."

"औषध नाय ना मारलं?"

"नाय गं. आठ दिवस झाले."

काकडी उन्हाने कडू होते हे खरं आहे. खोट्याला असं थोडं खरं मिसळलं की ते उतरतं घशाखाली. तिच्या उतरलं. तिने दुसरी तोडली, तिचाही शेंडा चावला. चार उन्हाळे मी हेच केलं. रोज नाही. अडचण आली की. अडचण म्हणजे काय, तर शेजाऱ्याची काकडी माझ्यापेक्षा हिरवी. आणि त्याच काकडीची कोशिंबीर तिने दाण्याचं कूट घालून केली, त्याच भेंडीची भाजी पोरांच्या डब्यात दिली. मी पण खाल्ली. मी खाल्ली म्हणून काही सुटत नाही.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने विचारलं, "बाबा, शेतीत फवारणी असते का? आईंचा संबंध यायचा?" मी म्हटलं, "अधूनमधून." तो म्हणाला, "यानेच झालं असं सांगता येत नाही. यानं झालं नाही असंही सांगता येत नाही." त्याने मला मोकळंही सोडलं नाही आणि अडकवलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सलाईनमधून तिला जे देत होते त्यालाही सगळे औषधच म्हणायचे. केस गेले, तोंड आलं. एकदा बाटली बदलायला नर्स आली तर गिरजा म्हणते, "आता माझ्यावर मारायला लागले व्हय औषध? अळी पडली म्हणा की मला." नर्सला कळलं नाही. मला कळलं. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिलो. सांगायचं होतं तिला. रोज सांगायचं होतं. आज बरं वाटतंय तिला, कशाला सांगा. आज बरं वाटत नाही, कशाला सांगा. असं करत करत ती गेली. दहाव्याला लोक येऊन म्हणत होते, सोनं झालं हो तिचं, देवाची मर्जी. किळस आली मला. देवाने काय पंप धरला होता?

आता मळा संजू बघतो. पाठीवरचा हातपंप गेला, त्याच्याकडे मोटारीचा आहे, भुर्रर्र करून अर्ध्या तासात सगळं न्हाऊन निघतं. टेम्पो आहे. मी ओट्यावर. मंगल आपल्या दोन पोरी घेऊन मे महिन्याची आलीये. लिंबाचा मोहोर गळतो, झाडायला कोणी नाही, पायाला चिकटतो. पोरी विहिरीवर जायचं म्हणतात. विहिरीला आता जाळी आहे. बरं आहे.

परवा सकाळी संजू काकडीचे क्रेट टेम्पोत चढवत होता. मंगल टोपलं घेऊन वाफ्यात शिरली, दुपारच्या कोशिंबिरीला दोन-चार तोडायला. तोडता तोडता तिने विचारलं,

"संजू, औषध नाही ना रे मारलं?"

"नाय गं ताई. आठ दिवस झाले."

आदल्या संध्याकाळी त्याने मारलेलं मी डोळ्याने बघितलं होतं. रात्रभर तो वास माझ्या नाकात होता. मंगलने शेंडा मोडून तोंडात टाकला. तिला कोणी शिकवलं नाही ते, आईचं बघून आलेलं. म्हणाली, "कडू लागतेय."

"ऊन बघ की किती तापलंय," संजू म्हणाला. "उन्हाने होतं तसं."

माझं वाक्य. जसंच्या तसं. मान वर न करता. जमीन नावावर करायला तलाठ्याकडे खेटे घातले मी, आणि हे मात्र आपोआप गेलं त्याच्याकडे.

"थुंक ते!" मी ओरडलो. इतक्या जोराने की पोरी घरातून बाहेर आल्या. "थुंक, चूळ भर. काल संध्याकाळी मारलंय त्याने."

मंगल थुंकली. टोपलं खाली टाकलं. चूळ भरून आली आणि संजूकडे बघायला लागली. संजू म्हणाला, "नाना, तुम्ही गप बसा ना. मी तिला वेगळी देणार होतो."

"तुझ्या आईला मी पण असंच फसवलं," मी म्हणालो. एकदा तोंड उघडलं तर मग थांबता येईना. "तीही कडू म्हणायची. मी ऊन म्हणायचो. चार उन्हाळे. ती मला विचारायची आणि मी नाय म्हणायचो, आणि ती माझ्यासमोर खायची."

मंगलच्या धाकटीने "आई, काय झालं?" विचारलं, तर मंगलने तिला मागे सारलं.

"आणि आम्ही?" ती मला म्हणाली. "आम्ही पण तेच खात होतो ना? डब्यात?"

इतक्या महिन्यांत मी गिरजाचाच विचार करत होतो. या दोघांचा केलाच नव्हता. म्हटलं, "हो. तुम्ही पण."

संजूने क्रेटला हिसका देऊन तो आत ढकलला. "तुम्ही विकलं तेव्हा चाललं नाना. आता मला सांगताय?"

"नाय चाललं रे. तेच सांगतोय."

"सांगा मग. बसून सांगा." त्याने टेम्पोचा फाळका लावला, दोरी आवळली. मंगल म्हणाली, "संजू, गाडी नेऊ नको." तो म्हणाला, "लोक वाट बघतायत, ताई." आणि गाडी चालू केली. मी आडवा पडलो असतो तर थांबला असता तो, इतका काही वाईट नाही. पडलो नाही. गुडघे दुखतात, असं त्या क्षणाला मनात आलं. टेम्पो हायवेला लागला. कुठल्या तरी घरात त्या दिवशी कोशिंबीर झालीच असेल.

मंगल आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला. चहा घेऊन बाहेर आली. रोज ती कप माझ्या हातात देते, माझा हात थरथरतो म्हणून बशी धरून उभी राहते. परवा तिने कप ओट्यावर माझ्यापासून हातभर लांब ठेवला आणि पोरींना घेऊन लिंबाच्या पलीकडे जाऊन बसली.

मी दोन्ही हातांनी कप उचलला. निम्मा चहा धोतरावर सांडला. उरलेला प्यालो.